चार गाठींची सुतळी

माझ्या टेबलावर एक पुस्तिका पडलीय. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसणाऱ्या बायका, हसणारी लेकरं आणि खाली ठळक अक्षरांत 'स्वयंसेवी संस्थांच्या बळकटीकरणासाठी धोरणात्मक प्राधान्यक्रम'. आत अकरा प्राधान्यं आहेत. त्यातली तीन मी लिहिलीत. भाषा छान जमलीय असं सगळे म्हणाले. मला मात्र ती पुस्तिका दिसली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. संस्था कशाला म्हणतात हे ज्या माणसानं मला शिकवलं, त्याचं एक वाक्य त्यात यायला हवं होतं. ते नाही. ते बाहेर राहिलं त्याला मीच जबाबदार आहे.

त्यांना सगळे मिस्तरी म्हणायचे. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजारात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. नांगराचे फाळ, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉलीचे तुटलेले हूक, सगळं तिथं यायचं. उंच, वाळका माणूस. हातावर ठिणग्यांचे काळे ठिपके, प्रत्येक सदऱ्याला छातीवर बारीक बारीक भोकं. खिशात पैसे असोत नसोत, सुतळीची गुंडी असायचीच. संस्थेचे ते अध्यक्ष होते, पण 'मा. अध्यक्ष महोदय' असं लिहिलेलं पत्र आलं की माझ्याकडं सरकवायचे आणि म्हणायचे, "हे कोणाचं तरी चुकून आलंय, बघा."

मी त्यांचा कागदवाला. अर्ज, अहवाल, ठराव, फोटो चिकटवणे, शिक्के मारणे. पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. "ओ कागदवाले, इकडं या जरा," एवढंच.

संस्थेचं काम एका ओळीत सांगता येतं. ज्या लेकरांना जन्मापासून उभं राहता येत नाही, त्यांना उभं करायची लोखंडी चौकट बनवायची. पहिली चौकट मिस्तरींनी तात्यांच्या नातीसाठी केली. तात्या म्हणजे गावातले जमीनवाले शेतकरी, मिस्तरींचे पोरपणापासूनचे दोस्त. जुन्या खाटेचे पाइप कापून, सायकलच्या सीटचं फोम लावून मिस्तरींनी ती उभी केली. पुढं नात आईबापासोबत पुण्याला गेली, चौकट इथंच राहिली आणि तिच्यात उभं राहायला दुसऱ्या घरचं लेकरू आलं. मग तिसरं. तात्यांनी सेनगाव रस्त्यावरच्या दोन खोल्या केंद्रासाठी देऊन टाकल्या. संस्था नोंदवली, तात्या सचिव झाले. आजूबाजूच्या गावांतून आया जीपनं लेकरं घेऊन यायला लागल्या.

आता सुतळीचं सांगतो. मिस्तरी टेप वापरत नसत. लेकराला चटईवर निजवायचं, पाय सरळ करायचा आणि टाचेपासून सुतळी लावायची. पहिली गाठ घोट्याला, दुसरी गुडघ्याला, तिसरी खुब्याला, चौथी काखेला. सुतळीला नावाची चिठ्ठी बांधून ती भिंतीवरच्या खिळ्याला लटकवायची. सहा महिन्यांनी नवी सुतळी, त्याच खिळ्याला, जुनीच्या वर. मी एकदा म्हटलं, "मिस्तरी, टेपनं मोजून वहीत लिहू ना. कशाला हा पसारा?"

"टेपवर आकडा असतो," ते म्हणाले. "आकड्यात लेकरू दिसत न्हाई. सुतळी लेकराइतकीच असते. ती हातात धरली की मला कळतं, ह्याला कुठं टोचंल."

त्यांना मोजायचा नादच होता. हाटेलातलं बाकडं, देवळाची पायरी, जीपचं दार, सगळ्याला सुतळी लावून बघायचे, लेकराला कुठं चढता येईल अन् कुठं नाही ते. एकदा जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या दालनात गेलो तर साहेबांशी बोलता बोलता ह्यांनी त्यांच्या टेबलाची उंची मोजली आणि म्हणाले, "साहेब, ह्याच्या आड बसलं तर समोर उभं ऱ्हाणारं लेकरू तुमाला दिसणार न्हाई." साहेब हसले. मी पटकन फाइल पुढं केली. कोणी लांबलचक बोलायला लागलं की मिस्तरींचं एकच ठरलेलं वाक्य: "नाप घेतला का? मग बोला. न्हाई घेतला तर आधी घ्या."

पुण्याच्या एका कंपनीची माणसं आली होती. त्यांच्या मदतीतून हिंगोलीच्या फिजिओथेरपी करणाऱ्या डॉक्टरबाई दर बुधवारी केंद्रात येणार होत्या. त्यांच्यातल्या एका तरुण पोरानं लॅपटॉप उघडून विचारलं, "कामाचा प्रभाव तुम्ही कसा मोजता?" मिस्तरींनी त्याला हाताला धरून भिंतीकडं नेलं. एकेका खिळ्यावरच्या सुतळ्या सोडवून शेजारी शेजारी धरल्या. "हे बघा, हे दोन साल आधीचं लेकरू. हे आत्ताचं. इथं गुडघ्याला बांक होता, तो इतका गेला." पोरगं म्हणालं, "हे एक्सेलमध्ये मिळेल का?" मिस्तरींनी शांतपणे एक सुतळी लॅपटॉपवर आडवी टाकली. ती दोन्हीकडून खाली लोंबली. "ह्यात मावत न्हाई," ते म्हणाले. एक्सेल मीच रात्रंदिवस बसून केलं, ते वेगळं.

पण अडाणी हट्टी म्हातारा असं समजू नका. बाई यायच्या आधी एका पोराची चौकट त्यांनी नुसत्या सुतळीच्या अंदाजानं केली होती. डॉक्टरबाईंनी पहिल्याच बुधवारी ती बघितली आणि सांगितलं की ह्यानं खुबा सरकेल. मिस्तरींनी त्याच वेळी, सगळ्या आयांच्या देखत, ती चौकट गॅसकटरनं कापून टाकली. आणि त्या दिवसापासून नियम केला: बाईंनी हात लावून बघितल्याबिगर लोखंड कापायचं न्हाई. हा नियम लक्षात ठेवा.

रेणूची चौकट त्या नियमानं झाली. रेणू तेव्हा सहा वर्षांची. जन्मल्यापासून जमिनीवर, नाहीतर आईच्या मांडीवर. मिस्तरी आणि मी जीपच्या टपावर चौकट बांधून तिच्या घरी घेऊन गेलो. पट्टे बांधून तिला उभं केलं. पोरगी आधी घाबरली, मग मान वर करून भिंतीवरच्या फळीकडं बघत राहिली. फळीवर डबे, देवाचा फोटो, शाळेत जाणाऱ्या भावाचं दप्तर. खालून एवढं कधी दिसलंच नव्हतं तिला.

"आय," ती म्हणाली, "वर बी सामान हाय."

तिची आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मिस्तरींनी खिशातून सुतळी काढली आणि काही गरज नसताना तिचा परत नाप घेतला.

मग तात्या वारले.

इथून पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं, तर सांभाळून घ्या. कायदा असा आहे की संस्थेचा विश्वस्त बदलला, राजीनाम्यानं असो की मरणानं, तीन महिन्यांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीला तसा बदल अर्ज द्यायचा. मला हे पाठ होतं. तेरावं झाल्यावर मी केंद्रात विषय काढला. तात्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणतो, त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"तात्यांच्या जागी नवं नाव घालावं लागंल," मी म्हटलं.

काकूंनी नुसती मान हलवली, नको. मिस्तरी म्हणाले, "वर्षश्राद्ध झालं का?"

"मिस्तरी, तीन महिन्यांत कळवावं लागतं."

"कोणाला कळवायचं? मयतीला अख्खा तालुका होता. एक साल त्या नावाला कोणी हात लावायचा न्हाई. माणूस गेला म्हून लगेच खोडून टाकायचं? आमच्यात असं न्हाई, तुमच्यात पण न्हाई."

तात्यांची खुर्चीही त्यांनी कोणाला बसू न देता तशीच ठेवली. मुसलमान मिस्तरी आपल्या हिंदू दोस्ताच्या वर्षश्राद्धाची वाट बघत होते. एवढीच त्यांची चूक. आणि माझी चूक ह्याहून मोठी. मला कायदा माहीत होता. मी अर्ज लिहून काकूंना समजावू शकलो असतो, मिस्तरींशी दोन दिवस भांडू शकलो असतो. मी म्हटलं, जाऊ दे. तेव्हा मी संभाजीनगरच्या मोठ्या संस्थांत नोकरीसाठी अर्ज धाडत होतो आणि माझं मन आधीच तिकडं गेलं होतं.

वर्षश्राद्ध झालं, दुसऱ्या आठवड्यात अर्ज दिला. सचिव म्हणून काकूंचं नाव. कचेरी म्हणाली, उशीर झाला, आधी उशीर माफ करायचा अर्ज द्या. दिला. तारीख पडली. दोन जीपा आणि एक यष्टी बदलून मिस्तरी दुकान बंद ठेवून गेले. साहेब रजेवर. पुढची तारीख. साहेबांची बदली. पुढची तारीख. जागाच रिकामी. असं किती वेळा झालं ते मिस्तरींनी मोजलं नाही, ते फक्त लेकरं मोजायचे.

तोवर सरकारी पोर्टलवर नोंद नवी करायची वेळ आली. त्यासाठी सचिवाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. कचेरीच्या दप्तरी सचिव कोण? तात्या. तात्यांचा नंबर बंद पडून परभणीकडच्या कोण्या माणसाला मिळाला होता. आम्ही एकदा त्या नंबरवर फोन लावला होता, तेव्हापासून तो बिचारा केंद्रात फोन करून विचारायचा, "ओ, हे आकडे कसले येऊन राहिले माझ्याकडं?" मिस्तरी म्हणाले, त्यालाच विचारू की आकडे. मी म्हटलं, ते कायद्यात बसत नाही. मी फार कायदेशीर माणूस.

नोंद अडकली म्हणून कंपनीनं हात आखडला. कागद क्लिअर करा, मग बोलू, असा निरोप. डॉक्टरबाई स्वतःच्या गाडीनं दोन बुधवार आल्या, मग त्यांना नांदेडला नोकरी लागली. बाई नाहीत म्हणजे लोखंड कापायचं नाही. दुकानात पाइप पडून होते, वेल्डिंग मशीन होतं, मिस्तरींचे हात होते. आणि चौकट होत नव्हती. आया येऊन बसायच्या. मिस्तरी नाप घ्यायचे, सुतळी लटकवायचे. तुमी काहून करत न्हाई, असं एका आईनं चिडून विचारलं, तर म्हणाले, "बाई, मी एकदा चुकलोय. दुसऱ्यांदा चुकलो तर लेकराचा खुबा परत कुठून आणू?"

आणि एक दिवस काकूंच्या घरी कचेरीची नोटीस आली. तात्यांच्या नावानं. बदल अर्जात ज्याचं नाव कमी होतं त्याला नोटीस काढायची पद्धत आहे म्हणे. अर्जाला मृत्यूचा दाखला जोडलेला होता, तरी पद्धत ती पद्धत. काकू सातवी शिकलेल्या. त्यांनी ती माझ्यासमोर एकेक शब्द लावत वाचली: अमुक तारखेस जातीने हजर राहावे, 'हजर न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.'

त्यांनी कागद खाली ठेवला. "त्यांचं म्हणणं तर लई होतं," एवढंच म्हणाल्या.

मिस्तरी ती नोटीस घेऊन तारखेला गेले. बाबूंच्या समोर ठेवून म्हणाले, "साहेब, हे त्यांच्यापर्यंत पोचवायला कोणाला धाडू?" बाबू मान वर न करता म्हणाले, "प्रोसिजर आहे, काका." ह्या प्रोसिजरच्या मी... जाऊ द्या. पुस्तिकेत मी 'प्रक्रियांचे सुलभीकरण' असा शब्द वापरलाय. शिवीच्या जागी तो बसतो, आणि बाबूंना कळतही नाही की आपल्याला काही म्हटलं.

ह्याच सुमाराला मला नोकरी लागली आणि मी निघून आलो.

दोन वर्षांनी हिंगोलीत विचारविनिमय ठेवला गेला. सरकारला स्वयंसेवी क्षेत्र बळकट करायचं होतं, सूचना मागवायच्या होत्या, आणि ते काम आमच्या संस्थेकडं आलं होतं. संयोजक मी. मिस्तरींना मीच बोलावलं. थंड हॉल, गोल टेबलं, रंगीत कार्डं. प्रत्येकानं आपली सूचना कार्डावर लिहायची आणि ती फळ्यावर योग्य मथळ्याखाली लावायची. 'क्षमता बांधणी', 'डिजिटल सक्षमीकरण', 'भागीदारी'. मिस्तरींना मराठी लिहिताना तकलीफ व्हायची, उर्दू शाळेत शिकलेले. म्हणून त्यांचं कार्ड मी लिहिलं, ते बोलले तसंच:

'मेलेल्या माणसाला नोटीस धाडू नका. ठरल्या दिवसांत निकाल लावा. न्हाई लागला तर जे जिते हायत त्यांना काम करू द्या.'

मग ते उभे राहिले आणि खिशातून रेणूच्या दोन सुतळ्या काढल्या. "ही पोरगी चार बोटं वाढली," ते म्हणाले. "चौकट वाढली न्हाई. आता ती चौकटीत मावत न्हाई, पुन्हा जमिनीवर बसली. कागदावर तात्या बसलेत म्हून ही पोरगी बसली. माझं म्हणणं एवढंच."

पुण्याहून आलेले तज्ज्ञ साहेब अदबीनं ऐकत होते. वाईट माणूस नव्हता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "फार हृदयस्पर्शी आहे. पण हा जरा अंमलबजावणीच्या पातळीवरचा मुद्दा झाला. आज आपण धोरणाच्या पातळीवर बोलू या." आणि माझ्याकडं बघितलं. मी ते कार्ड उचललं आणि फळ्याच्या कोपऱ्यात लावलं. तिथं मथळा होता 'इतर'.

जेवणाच्या सुट्टीत मिस्तरी सुतळ्या गुंडाळत होते. मला वाटलं, चार शिव्या देतील. द्यायला पाहिजे होत्या. ते म्हणाले, "कागदवाले, ह्यांनी नाप कधी घेतला?"

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि जेवायच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

पुस्तिका छापताना पानं वाढायला लागली. 'इतर' काढून टाका, असं वरून आलं. मी काढलं. एक कळ दाबायची असते, एवढंच.

मिस्तरी मागच्या हिवाळ्यात गेले. दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या. मी दफनाला गेलो. चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. आवाज घोगरा झालेला. "अर्ज लिहून दे," त्या म्हणाल्या. "भाऊंचं नाव काढायचं हाय. तीन महिन्यांच्या आत." मी म्हटलं, काकू, थोडे दिवस तरी जाऊ द्या. त्या ओरडल्या, "मागच्या बारीला जाऊ दिले ना रे दिवस! काय झालं त्याचं?" ज्या बाईला नवऱ्याचं नाव वर्षभर खोडवलं नाही, तिनं धर्माच्या भावाचं नाव चौथ्या दिवशी खोडायला लावलं. हे तुमचं बळकटीकरण.

अर्ज वेळेत दिला. कचेरीचं उत्तर आलं: जुना अर्ज निकाली निघाल्याशिवाय नवा घेता येत नाही, तरी आपली नोंद घेतली आहे. सोबत नोटीस. मिस्तरींच्या नावानं. हजर न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.

मागच्या आठवड्यात मी रेणूच्या घरी गेलो. काय तोंड घेऊन गेलो ते मलाच ठाऊक. पिशवीत पुस्तिका होती, ऑफिसनं सगळ्या सहभागी संस्थांना वाटायला दिलेली. घरात दुसरं काय बोलावं कळेना म्हणून मी ती रेणूच्या आईच्या हातात दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली, पुसलीही.

रेणू आता बारा वर्षांची. आईला उचलवत नाही. मी खिशातून सुतळी काढली. बोलायचं असेल तर आधी नाप. रेणूला चटईवर निजवलं, टाचेला सुतळी लावली, घोट्याची गाठ मारली आणि गुडघ्यापाशी थांबलो. पाय सरळ होत नव्हता. नुसताच वाकलेला नाही, आखडलेला. थोडा दाबला तर पोरगी कळवळली. तिच्या आईनं सांगितलं, दवाखान्यात म्हणाले, आता आपरेशन लागंल, तरी सांगता येत न्हाई. वाकड्या पायावर सुतळी सरळ धरता येत नाही. एका गाठीवर मी ती सोडून दिली.

रेणू भिंतीला टेकून बसली. मी उठून उभा राहिलो तेव्हा तिनं मान वर करून मला विचारलं, "काका, आता वर काय हाय?"

मी फळीकडं बघितलं. डबे होते, देवाचा फोटो होता. आणि देवाच्या फोटोला टेकवून, सगळ्यात पुढं, तिच्या आईनं माझी पुस्तिका उभी करून ठेवली होती.

"काही नाही," मी म्हटलं.